यादी भिंतीवर लावा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा मी नेरुळला लॅपटॉपसमोर होतो. खिडक्या थरथरल्या, वीज गेली, आमच्यापुरतं संपलं. तिकडे श्रीवर्धन पट्ट्यात माझ्या आजोळी मामूंच्या वाडीतली सुपारी रांगेनं आडवी झाली होती. दोन दिवसांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडसाठी 100 कोटींची तातडीची मदत जाहीर केली. पाठोपाठ फळबागांची भरपाई हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर गेली. बातमी वाचून मीही खूश झालो.

मग गणित केलं. हेक्टर म्हणजे सुमारे 100 गुंठे. गुंठ्याला 500 रुपये. मामूंची वाडी 8 गुंठ्यांची, म्हणजे 4 हजार. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नाही, आणि सुपारीचं नवं रोप फळायला सहा-सात वर्षं घेतं. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत असतात हे ठरवणाऱ्यांना माहीत नव्हतं? ओरड झाल्यावर पुढे झाडामागे हिशेब धरायचं ठरलं. ठीक. पण मग कुणाच्या वाडीत किती झाडं लिहिली?

इथेच सगळं अडतं. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांनी केला, पैसे तहसीलमार्गे खात्यात आले. तलाठ्याकडे गावं भरपूर, त्यात कोरोना, हे मान्य. पण कुणाचं नाव गळलं, कुणाचं घर 'अंशतः' ठरलं, गावाला कळतच नाही. आमचा सातबारा पणजोबांच्या नावावर, निम्मे वारस कुवेत-दुबईत. सगळ्यांची संमतीपत्रं आणा, म्हणाले. विमानं बंद असताना! आणि शेवटी एका कार्यालयात उत्तर मिळालं, "निधी वाटून झाला, चाचा."

कुणाला वाटला? रोजगार हमीच्या मजुराचे दिवस आणि मजुरी नावानिशी संकेतस्थळावर दिसते. मग वादळाचं अनुदान झाकून का? माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थी सरकारनं न मागता जाहीर करावेत. खातेक्रमांक झाका, बाकी यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा.

आता आपलं. आपण ट्रकभर तांदूळ आणि ताडपत्र्या पाठवल्या, मीही पोती उचलली, फोटोत उभा राहिलो. यादी मात्र एकानंही मागितली नाही. "सरकारशी कशाला पंगा?" असं जमातीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं आणि आम्ही चहा घेतला. सदका आपण देऊच. पण हा करातला पैसा आहे, मामूंचा आणि शेजारच्या कोळ्याचाही. दोघांची कौलं एकाच वाऱ्यानं उडाली होती.

अर्जाला 10 रुपये लागतात. 150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, उत्तराला 30 दिवस. गावाचं नाव, वादळाची तारीख, पंचनाम्यांची यादी, मंजूर आणि जमा रक्कम, एवढं लिहा. माझा अर्ज अर्ध्या पानात बसला.