साहेब, नकाराचीही पावती मिळू द्या

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक,
माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस), नवी दिल्ली

महोदय,


1 एप्रिल 2003 रोजी ईसीएचएस सुरू झाली तेव्हा आम्हा पेन्शनरांना हायसं वाटलं होतं. त्याआधी सातारा-सांगलीकडच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी पुण्याच्या नाहीतर बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलची वाट धरावी लागे. आज देशभर चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत आणि रेफरल मिळालं की योजनेशी करार केलेल्या खासगी हॉस्पिटलात कॅशलेस उपचार होतात. योजना चांगली आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं रडगाणं वाटायला नको.

पॉलिक्लिनिकच्या औषधखिडकीवर काय होतं, ते बघा. डॉक्टरांनी पाच औषधं लिहिलेली असतात. तीन हातात पडतात, उरलेल्या दोन औषधांपुढे पेनाने ‘एनए’ (नॉट अव्हेलेबल) लिहून चिठ्ठी परत येते. ‘लोकल परचेसला टाकलंय, पुढच्या आठवड्यात या.’ बीपीची गोळी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही, म्हणून म्हातारा बाहेरच्या मेडिकलमधून ती पदरच्या पैशाने घेतो. एसटीचं भाडं गोळीपेक्षा महाग पडतं, म्हणून पुन्हा फिरकतही नाही. ‘एनए’ त्याच्या चिठ्ठीवर राहतं, ती चिठ्ठी उशाखाली.

यापेक्षा वाईट प्रकार हॉस्पिटलच्या काउंटरवर होतो. माझ्या शेजारच्या निवृत्त नाईकांना त्यांचा मुलगा घेऊन गेला. ‘ईसीएचएसचा बेड शिल्लक नाही,’ असं उत्तर मिळालं. ‘कॅश भरणार असाल तर बघतो.’ कॅश म्हटल्यावर बेड निघाला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असं नाही. हॉस्पिटलवाल्यांचीही बाजू आहे, बिलं महिनोन् महिने थकतात अशी त्यांची ओरड असते आणि ती खोटी नाही. पण नकार तोंडी असतो. कागद नाही, शिक्का नाही, वेळ नाही. म्हणजे तुमच्या नोंदीत तो माणूस त्या दिवशी त्या दारात गेलाच नव्हता. तक्रार करायची तर पुरावा कशाचा देणार?

मी हवालदार क्लार्क होतो. फायरिंग रेंजवरून परतताना रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून जमा कराव्या लागायच्या, एक कमी पडली तर सगळी प्लाटून गवतात शोधत बसायची. त्याच फौजेच्या माणसाला हॉस्पिटलने किती वेळा परत पाठवलं, हे मात्र कुणी मोजत नाही.

आकडे जाहीर करा, असं म्हणणं सोपं आहे. पण इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री चुना-गेरू कसा लागतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही. अमेरिकेत हेच झालं. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. 14 दिवसांच्या आत अपॉइंटमेंट द्यायची असं उद्दिष्ट ठरलं, आणि अधिकाऱ्यांचं मूल्यमापन त्यावर होऊ लागलं. मग 2014 मध्ये फीनिक्स शहरातल्या अशाच हॉस्पिटलचं प्रकरण बाहेर आलं. तपास अधिकाऱ्यांना सुमारे 1,700 माजी सैनिक असे सापडले, जे डॉक्टरांची वाट पाहत होते, पण अधिकृत यादीत नव्हतेच. 226 जणांच्या नमुन्यात पहिल्या भेटीसाठी सरासरी 115 दिवस लागले होते. हॉस्पिटलने वर कळवले होते 24. माजी सैनिक खात्याचे तेव्हाचे मंत्री एरिक शिन्सेकी स्वतः निवृत्त जनरल, व्हिएतनाममध्ये जखमी झालेले. आपण काही लोकांवर फार विश्वास ठेवला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि राजीनामा दिला. माणूस प्रामाणिक होता, पण खालून आलेला कागद खोटा होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं काम तपासायचं आहे, त्याच्याच हाती मोजणी ठेवू नका. हॉस्पिटलने बेड नाकारला, तर तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली, शिक्क्याची पावती तिथल्या तिथे द्यावी. तिची एक प्रत पेशंटकडे आणि दुसरी थेट ईसीएचएसच्या रीजनल सेंटरकडे जावी. पावती न देणाऱ्या हॉस्पिटलचं काय करायचं, ते करारात लिहा. ‘एनए’ची नोंदही खिडकीवरच व्हावी आणि महिन्याअखेरी प्रत्येक पॉलिक्लिनिकची यादी त्याच्या दारातल्या बोर्डावर लागावी, मराठीत. कुठल्या हॉस्पिटलचं किती बिल थकलंय, तेही त्याच बोर्डावर येऊ द्या. थकबाकी सरकारची असेल तर तीही आम्हाला दिसली पाहिजे. आणि डिस्चार्जच्या वेळी आम्ही सही करतो त्या बिलाची प्रत आमच्या हातात द्या. कॅगने 2015 मध्ये या योजनेवर अहवाल दिला तेव्हा बिलांवर बोट ठेवलंच होतं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की अशी माहिती कुणी मागण्याआधीच जाहीर करावी. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात उपोषणाला बसलेले अण्णा हजारेही एकेकाळी फौजेत गाडी चालवायचे. (आमच्यातले ड्रायव्हर तसे हट्टीच असतात.)

सगळ्या देशात एकदम होणार नाही, हे कळतं. एका रीजनल सेंटरपासून सुरुवात करा. पुणे निवडलंत, तर पावत्या गोळा करून रीजनल सेंटरला पोचवायला आमच्या तालुक्याची माजी सैनिक संघटना तयार आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जिल्हा सातारा