बटण दाबून धर!

परवा रविवारी मामा येरवड्याला आमच्याकडे आले होते. ते निघता निघता मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला. त्यावर हायकू आहे. बीओएस बनवणारी बी कंपनी २००१ मध्ये विकली गेली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी हौसेने पुन्हा लिहायला घेतलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम. स्क्रीनवर आलं, "आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही." पंखा मात्र फिरतोच आहे!

मामा म्हणाले, "साधं बंदही होत नाही, कसली रे ही तुझी सिस्टिम? बटण दाबून धर नि मोकळा हो!"

मामांशी तोंडावर वाद घालायची आपली टाप नाही, म्हणून इथे लिहितोय. मामी वाचतात, त्या सांगतीलच.

मामा, स्क्रीनवरचं ते वाक्य म्हणजे सगळे प्रोग्राम बंद झाले, डिस्कवर लिहायचं ते लिहून झालं. हायकूचं काम संपलं. उरलं फक्त वीज तोडणं, आणि तिथे मदरबोर्डची साथ लागते. त्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने १९९६ साली एसीपीआय नावाचं मानक आणलं. वीज कशी तोडायची ते बोर्डवाल्याने तक्त्यात लिहून ठेवायचं, सिस्टिमने ते वाचून पाळायचं. गोम इथेच आहे. विंडोजवर चाललं की बोर्डवाले खूश! तक्त्यातली चूक विंडोजवर खपून जाते आणि हौशी सिस्टिमवर उघडी पडते. मग खापर कुणावर? हौशी लोकांवर.

जानेवारी १९९९ मधल्या एका अंतर्गत मेलमध्ये खुद्द बिल गेट्सनी विचारलं होतं, की एसीपीआयची वाढीव सोय विंडोजपुरतीच ठेवता येईल का? आपण राबायचं आणि लिनक्सला आयतं मिळायचं, हे त्यांना खटकत होतं. पुढे आयोवातल्या खटल्यात तो मेल उघड झाला. तसं प्रत्यक्षात केलं असा माझा आरोप नाही. पण वृत्ती कळते.

आणि ते बटण! वरचं वाक्य आल्यावर दाबलं तर ठीक. पण हाताला सवय लागते हो. मागे एकदा बंद होताना मशिन अडकलं आणि मी वाट न बघता बटण दाबलं. एका खिडकीमागे प्रश्न लपला होता, "फाइल सेव्ह करायची का?" आईने दुपारभर टाईप केलेला भिशीचा हिशोब गेला. फाइल सिस्टिमला जर्नल असतो खरा, पण तो डिस्कची मांडणी सांभाळतो, सेव्ह न केलेला मजकूर नाही. आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून आधी बघायचं, अडतंय कुठे? त्या वाक्याच्या आधी अडलं तर एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर. नंतर अडलं तर एसीपीआय. माझं दुसरं होतं. मशिन जुनं, ३२ बिटचं. कर्नलच्या सेटिंग फाइलमध्ये एसीपीआय बंद करून त्याआधीच्या काळातलं एपीएम चालू केलं. झालं काम!

आमच्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मावणारा चरखा घडवला, त्याला येरवडा चक्र म्हणतात. गिरणीचं कापड तेव्हाही आयतं मिळत होतंच की!

असो. मामा, पुढच्या रविवारी या. चहा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करून दाखवतो, बटणाला हात न लावता.