विश्लेषण : यकृताचा कापलेला भाग पुन्हा उगवतो का?

ऑगस्ट २०२५मध्ये पुण्यात यकृत प्रत्यारोपणानंतर पती आणि त्याला यकृताचा भाग देणारी पत्नी, अशा दोघांचाही काही दिवसांच्या अंतराने मृत्यू झाला. यकृत पुन्हा वाढते, तर मग दात्याच्या जिवाला धोका कसा, असा प्रश्न अशा घटनांनंतर पडतो. भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडून होत असल्याने त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे.

नेमके काय वाढते?

काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग मोठा होतो. प्रौढ रुग्णासाठी बहुधा दात्याचा उजवा खंड घेतला जातो. तो यकृताच्या साधारण ६० टक्के असतो. दात्याकडे किमान ३० टक्के यकृत उरायला हवे, असा संकेत आहे. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१मध्ये उंदरांवर केलेले प्रयोग या अभ्यासाचा पाया मानले जातात. उंदराचे दोन तृतीयांश यकृत काढले, तरी सात ते दहा दिवसांत वजन जवळपास पूर्ववत होते. माणसात यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते.

वाढीचा संदेश कोण देते?

आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येणारे सगळे रक्त आता लहान झालेल्या यकृतातून जाते. या वाढलेल्या दाबामुळे काही मिनिटांतच युरोकायनेज हे एन्झाइम सक्रिय होते आणि पेशींभोवतीच्या जाळीत साठलेला ‘हिपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर’ मोकळा होतो. यकृतातील कुप्फर पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात. एरवी शांत असलेल्या यकृतपेशी त्यामुळे विभाजनाला तयार होतात. पुरेशी वाढ झाल्यावर ती थांबवण्यात टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांचा वाटा असतो.

मग धोका कुठे?

विभाजन सुरू असतानाही यकृताला रोजची कामे चुकत नाहीत. साखर राखणे, अमोनियाचा निचरा, रक्त गोठवणारी प्रथिने तयार करणे, हे सगळे मोजक्या पेशींवर येते. ऊर्जेसाठी पेशींत काही काळ चरबी साठते. रक्तातील साखर आणि फॉस्फरस खाली येऊ शकतात. ते बाहेरून द्यावे लागतात. उरलेला भाग फारच लहान असेल, तर रक्ताच्या दाबानेच त्याला इजा होते. आधीच चरबीयुक्त असलेल्या यकृताची वाढ मंदावते. म्हणून दात्याच्या यकृतातील चरबी आणि आकारमान आधी तपासतात. गरज पडल्यास वजन कमी करायला सांगतात किंवा दाता नाकारतात.

वाढ नीट होते आहे, हे कसे कळते?

एएलटी, एएसटी ही एन्झाइम्स शस्त्रक्रियेनंतर वाढतात आणि काही दिवसांत उतरतात. बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा ‘आयएनआर’ पाचव्या दिवशी किंवा त्यानंतरही चढेच राहिले, तर यकृत कमी पडत असल्याचा तो इशारा मानतात. सोनोग्राफीत यकृत मोठे दिसते, पण त्याचे काम पूर्ववत झाले की नाही, हे रक्ततपासणीच सांगते.

दात्याने काय विचारावे?

उजवा खंड देणाऱ्यांत मृत्यूचा धोका हजारात सुमारे दोन ते पाच इतका सांगितला जातो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या हीही त्यामागची कारणे असतात. त्यामुळे ‘यकृत पुन्हा वाढेल ना?’ एवढे विचारून भागत नाही. आपल्याकडे किती टक्के यकृत उरणार आणि त्यात चरबी किती, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी दात्याला कळायला हवे.