चार तासांची रजा

आमच्या घरीं गेल्या वर्षीं चैत्रांत एक लहानसें वादळ झालें, त्याची हकीकत प्रथम सांगतों. आमच्या सूनबाई एका बँकेंत अधिकारी आहेत. कचेरींतल्या दोघी मैत्रिणींनीं गोल्फ शिकण्याचा बेत केला आणि त्यांत सूनबाईंनींहि आपलें नांव घातलें. रविवारीं पहाटे साडेपांचला घर सोडावयाचें तें दहाच्या सुमारास परतावयाचें, असा एकंदर क्रम. ही बातमी कानीं पडतांच आमच्या मुखांतून पहिलें वाक्य निघालें तें असें: "पण रविवारीं कसें जमायचें?" खेळ कसला, खर्च किती, शिकविणार कोण, यांपैकीं एकहि प्रश्न आम्हांस सुचला नाहीं. पस्तीस वर्षें मुलांकडून वाक्यांतला कर्ता ओळखून घेणाऱ्या माणसास आपल्याच वाक्यांत दडलेला कर्ता ओळखावयास दुपार झाली. तो कर्ता म्हणजे आमचा रविवारचा चहा आणि पोहे!

सूनबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हेत. "बरं मामंजी, बघूं मग," एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या. तें "बघूं मग" आमच्या फार ओळखीचें होतें. आमच्या कुटुंबाच्या तोंडून तें आम्ही चाळीस वर्षें ऐकत आलों. कधीं पेटीच्या शिकवणीविषयीं, कधीं मैत्रिणींबरोबरच्या नरसोबाच्या वाडीच्या यात्रेविषयीं. त्यांतली एकहि गोष्ट पुढें घडली नाहीं, आणि ती न घडण्यांत आमचा हात किती होता याचा हिशेब आम्हीं कधीं मांडला नव्हता. त्या दिवशीं दुपारीं झोंप लागली नाहीं. मग उठून या खेळाविषयीं जें हातीं लागेल तें वाचावयास घेतलें. त्याचें फळ म्हणजे हा लेख.

गोल्फ म्हणजे आपल्या विटीदांडूचाच एक थोरामोठ्यांच्या घरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. विस्तीर्ण हिरवळीवर दूर दूर अंतरांवर अठरा खळगे असतात, प्रत्येक सव्वाचार इंच रुंद. सेहेचाळीस ग्रॅमांहूनहि किंचित् हलका असा चेंडू काठीनें मारीत एकामागून एक खळग्यांत घालावयाचा. ज्याचे एकंदर फटके कमी, त्याची सरशी. कोणी अंगावर धांवून येत नाहीं, कोणाशीं झोंबावें लागत नाहीं. चार-पांच मैलांची चाल होते आणि सुमारें चार तास लागतात. अंगांतलें बळ लांबच्या फटक्यास उपयोगीं पडतें हें खरें. परंतु फटक्यांचा मोठा वांटा खळग्याच्या जवळपासच खर्च होतो, आणि तेथें नजर व हाताची निश्चलता यांवांचून दुसरें कांहीं चालत नाहीं. रांगोळीची रेघ न कांपतां ओढणाऱ्या हातांना हा गुण कोणीं नव्यानें शिकवावयास नको.

चेंडू आणि स्त्री यांचें वांकडें आहे असें आपल्या जुन्या कवींस तरी वाटत नव्हतें. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत लहानगी पार्वती मंदाकिनीच्या वाळवंटांत चेंडू खेळतांना दिसते. दंडीच्या दशकुमारचरितांत तर एका राजकन्येचें नांवच कंदुकावती, आणि तिच्या चेंडूच्या खेळाचा भर लोकांत उत्सव होतो. यांतली मौज पुढेंच आहे. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज हें गोल्फचें काशीक्षेत्र. तेथें १८६७ सालीं स्त्रियांनीं आपलें स्वतंत्र मंडळ स्थापिलें. त्यांच्या वांट्यास आलेल्या उंचसखल हिरवळीला तेथील लोक आजहि 'हिमालय' म्हणतात. पार्वतीचें माहेरच तें!

मात्र या हिमालयावर चेंडू हलकेच ढकलण्याचीच काय ती मुभा होती. काठी खांद्याच्या वर नेऊन लांब फटका मारणें हें कुलीन स्त्रीस शोभत नाहीं, अशी त्या काळच्या सभ्य समाजाची समजूत. १८९० सालीं निघालेल्या गोल्फवरील एका प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथांत एका लॉर्ड महाशयांनीं बायकांचा फटका सत्तर-ऐशीं यार्डांचा असावा असें सुचविलें आहे. आणि कारण काय, तर शक्ति कमी पडते म्हणून नव्हे, लांब फटक्याचा अंगविक्षेप स्त्रीवेषांत सुंदर दिसत नाहीं म्हणून! आतां याच देशांत ऐशीं वर्षांपूर्वींची गोष्ट पहा. एडिंबराजवळ मसलबरा म्हणून गांव आहे. तेथील गोल्फ-मंडळानें १८१० च्या डिसेंबरांत ठराव केला कीं, येत्या नववर्षाच्या खेळांत जी कोळीण उत्तम खेळेल तिला मासळीची नवी टोपली आणि शाल बक्षीस द्यावी. डोक्यावर मासळी वाहून पोट भरणाऱ्या बायकांच्या अंगविक्षेपाची चिंता कोणास पडली नाहीं. मर्यादेचा कायदा बहुधा बंगल्यांतल्या स्त्रीसाठीं लिहिलेला असतो. कष्टकरी बाई त्याच्या बाहेरच वावरते. आपल्याकडे तरी दुसरें काय होतें?

१८९३ सालीं इंग्लंडांतील स्त्रियांनीं आपली गोल्फ-संघटना उभारण्याचें मनांत आणलें, तेव्हां होरेस हचिन्सन या नामांकित खेळाडूचा सल्ला विचारण्यांत आला. त्यानें उत्तर पाठविलें कीं, या भानगडींत पडूं नका, बायकांचें एकमेकींशीं जमणार नाहीं, त्या भांडतील. भगिनींनीं पत्र वाचलें आणि त्याच वर्षीं संघटना काढली. इसेट पिअर्सन ही तिची चिटणीस. या बाईंनीं पुढें जें काम केलें तें आमच्या मास्तरी डोळ्यांना सर्वांत मोलाचें वाटतें. गोल्फांत 'हँडिकॅप' म्हणून एक सोय आहे. कच्च्या खेळाडूच्या एकंदर फटक्यांतून ठराविक फटके वजा करावयाचे, म्हणजे पक्क्या-कच्च्यांचा सामना बरोबरीचा होतो. पूर्वीं हे आंकडे ज्या त्या क्लबाच्या मर्जीनें ठरत, त्यामुळें एका गांवचा आंकडा दुसऱ्या गांवीं खोटा पडे. सर्व देशांत एकच माप स्त्रियांनीं लावलें, आणि पुरुषांना तशी व्यवस्था जमली ती कित्येक वर्षांनंतर. सासू, सून आणि नात यांनीं एकाच मैदानांत बरोबरीनें खेळावें व तिघींनाहि जिंकण्याची संधि असावी, अशी सोय दुसऱ्या कोणत्या खेळांत आहे, हें आम्हांस तरी आठवत नाहीं.

एवढें होऊनहि पुरुषांच्या क्लबांचे दरवाजे उघडले ते आतां आतां. सेंट अँड्र्यूजचा पुराणप्रसिद्ध क्लब १७५४ सालचा. स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव त्यानें २०१४ सालीं केला. म्युरफील्डच्या क्लबानें तर २०१६ सालीं तसा ठराव दोनतृतीयांश मतें न पडल्यामुळें फेटाळला, चहूंकडून टीका झाली, आणि पुढच्याच वर्षीं मान्य केला. यावर अधिक लिहिण्याजोगें कांहीं नाहीं.

एका मुलीची गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मार्गारेट अ‍ॅबट ही अमेरिकन मुलगी, जन्म १८७८, आणि जन्मस्थान आपलें कलकत्ता. १९०० सालीं ती आईबरोबर पॅरिसला असतांना तेथें नऊ होलांचा एक सामना भरला. मायलेकी दोघींनींहि नांवें दिलीं. सत्तेचाळीस फटक्यांत मुलगी पहिली आली, सोन्यानें मढविलेलें चिनी मातीचें एक पात्र तिला मिळालें, आणि ती घरीं गेली. तो सामना ऑलिंपिकचा होता, व ऑलिंपिक जिंकणारी आपण पहिली अमेरिकन स्त्री आहों, हें तिला १९५५ सालीं मरेपर्यंत कळलें नाहीं. एका संशोधिकेनें मागाहून जुनीं कागदपत्रें धुंडाळून तें उजेडांत आणलें. बायकांचें यश कोणीं मांडून ठेवलें नाहीं म्हणजे तें त्यांचें त्यांनाहि ठाऊक होत नाहीं.

त्या सामन्यानंतर ऑलिंपिकांत स्त्रियांचें गोल्फ दिसलें तें एकदम २०१६ सालीं, रिओ येथें. आणि तेथें बंगळूरची अठरा वर्षांची अदिति अशोक होती. पांच वर्षें वय असल्यापासून ती खेळत आलेली. पुढें तोक्यो येथील सामने २०२१ सालीं झाले, तेव्हां जगांत दोनशेंच्या घरांत क्रमांक असलेल्या या मुलीनें चौथें स्थान मिळविलें. कांस्यपदक एका फटक्यानें हुकलें. त्या सकाळीं गोल्फचें अक्षरहि न जाणणारीं आपल्याकडचीं घरें दूरचित्रवाणीपुढें बसून होतीं. आमच्या लक्षांत राहिली ती तिची आई. काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चारहि दिवस ती लेकीच्या बरोबरीनें चालत होती. तशीच हरियाणाची दीक्षा डागर. तिला जन्मापासून ऐकूं येत नाहीं. तिनें २०१९ सालीं दक्षिण आफ्रिकेची खुली स्पर्धा जिंकली.

आतां व्यवहाराचें बोलूं. हा खेळ स्वस्त नाहीं, आणि पुण्यामुंबईच्या मोठ्या क्लबांचें सभासदत्व आमच्यासारख्या पेन्शनरांच्या आटोक्याबाहेर आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु आरंभींच सभासद होण्याचें कारणहि नाहीं. नुसते फटके मारण्याच्या सरावाचीं मैदानें असतात; तेथें बादलीभर चेंडूंचे पैसे मोजावयाचे, काठीहि भाड्यानें मिळते. एकटीनें जाऊं नये, दोघीतिघींनीं मिळून जावें. म्हणजे पहिले पन्नास फटके हवेंत गेले तरी हसावयास सोबत असते. अठरा होलांची घाई नको, नऊ पुष्कळ झाले. आणि क्लबवाल्यांस एक विनंती. स्त्रियांसाठीं म्हणून वेळ राखावयाची तर ती मंगळवारच्या भर दुपारची कां? नोकरी करणाऱ्या बायकांचा विचार त्यांत कोठें आहे? सूनबाईंना आलेला एक अनुभवहि सांगण्याजोगा आहे. त्या पहिल्यांदा जेथें गेल्या तेथील शिक्षक महाशय काठी कशी धरावी हें त्यांना पोंचवावयास आलेल्या आमच्या चिरंजीवांना समजावूं लागले! चिरंजीवांनीं आयुष्यांत कॅरमपलीकडे कांहीं खेळलेलें नाहीं. दुसऱ्या रविवारापासून त्यांनीं जागा बदलली.

परंतु काठी, पैसा, मैदान या सर्वांहून दुर्मिळ वस्तु म्हणजे ते चार तास. पुरुष सकाळीं खेळावयास गेला तर तो खेळावयास गेला, एवढेंच म्हणतात; बाई गेली तर ती काय काय टाकून गेली याची यादी होते. ती यादी आमच्या घरांत आम्हींच केली होती, म्हणून येथें दुसऱ्या कोणास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

सूनबाईंचा हँडिकॅप अजून लागलेला नाहीं. मात्र चेंडू आतां जमिनीवरून उठतो असें त्या सांगतात. गेल्या महिन्यांत त्या आपल्या सासूबाईंनाहि बरोबर घेऊन गेल्या. नऊवारीचा कांसोटा खोंचून आमच्या कुटुंबानें दहा पावलांवरून चेंडू खळग्यांत घातला, आणि ही गोष्ट त्यांनीं आम्हांस त्याच दिवशीं पांच वेळां सांगितली. आतां रविवारीं सकाळीं घरांत आम्ही आणि चिरंजीव दोघेच असतों. पोहे भिजविण्याचें प्रमाण आम्हांस साधलें आहे; कांदा अजून जाड चिरला जातो.