वारसा सर्वांचा, खर्च एकट्याचा

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेने एका रात्रीत जमीनदोस्त केला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती याच वास्तूत. तेथे राष्ट्रीय स्मारक उभारावयाचे असल्याने, आणि न्यायालयातील दीर्घ वाद संपुष्टात आल्याने, हे पाडकाम झाले. वाडा इतका मोडकळीस आला होता की दुसरा उपायच उरला नव्हता, असे सांगण्यात येते. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. ज्या वास्तूचे स्मारक करावयाचे तीच वास्तू नाहीशी करण्याची वेळ आपल्यावर का यावी?

उत्तर स्पष्ट आहे. तो वाडा त्या रात्री पडला नाही. कित्येक पावसाळे तो थोडाथोडा पडतच होता. जुन्या वाड्याचा सांगाडा सागवानी, भिंती दगड, विटा आणि मातीच्या. एक कौल फुटते, पाणी मुरते, तुळईचे टोक कुजते, भिंत फुगते. पहिल्या वर्षी जे काम एका गवंड्याने दोन दिवसांत केले असते, ते वीस वर्षांनी कोणालाच परवडत नाही. मग ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागते. वास्तू पाडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, असे विचाराल तर उत्तर एकच: काहीही करू नये.

मालक काही करीत नाही याला केवळ अनास्था कारणीभूत आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ साली आला आणि त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. पण तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला. ही भाडेबंदी काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. पुढे १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी; परंतु मूळ भाडेच नगण्य असेल तर चार टक्क्यांनी एक कौलही येत नाही. भाडेकरू हक्क सोडीत नाही, मालक पैसा घालीत नाही, आणि दोघेही आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतात. दोघांच्या शहाणपणात वाडा मात्र बसतो.

यावर उपाय म्हणून वारसा वास्तूंच्या याद्या करण्यात येतात. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा प्रामुख्याने किल्ले, लेणी, मंदिरे यांच्यासाठी. नांदत्या घरांचा, चाळींचा, बाजारांचा विचार मुंबईने १९९५ च्या वारसा नियमावलीत केला, वास्तूंच्या तीन श्रेणी ठरविल्या आणि त्यांत फेरफार करण्यापूर्वी परवानगी सक्तीची केली. हे पाऊल निःसंशय महत्त्वाचे होते. परंतु यादीत नाव चढल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही. मुंबईतील पूर्वीचे वॉटसन हॉटेल पाहा. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून १८६० च्या दशकात उभारलेली ही इमारत. ल्युमिए बंधूंचे चित्रपट १८९६ च्या ७ जुलैला येथेच दाखविले गेले. ती यादीत होती, जगभरच्या तज्ज्ञांना ठाऊक होती. तरीही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जुनी वास्तू ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे. तिचा लाभ साऱ्या शहराला, पुढच्या पिढ्यांनाही. जपणुकीचा भार मात्र एकट्या मालकावर. यादीत नाव येताच त्याच्या जमिनीचे मोल घटते आणि हाती फक्त बंधने उरतात. मग आपले घर यादीत येऊ नये म्हणून तो खटपट करील, आल्यास ते पडण्याची वाट पाहील. तेव्हा यादी करणाऱ्यांनी किंमतही मोजली पाहिजे. मालकाच्या बुडालेल्या विकासहक्काचा मोबदला अन्यत्र वापरावयास किंवा विकावयास मिळावा, ही मुंबईच्या नियमावलीतील तरतूद सर्व जुन्या शहरांत खऱ्या अर्थाने अमलात यावी. यादीतील वास्तूंना मालमत्ताकरात सवलत आणि दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे. इतके देऊनही जो जाणूनबुजून इमारत पडू देईल, त्याला त्या जागेवर वाढीव बांधकामाची परवानगी नाकारावी. पडझडीतून नफा मिळेनासा झाला की पडझड आपोआप मंदावेल.

जेथे नळाला पाणी नाही तेथे वाड्यांवर पैसा कशाला, असा आक्षेप येईल. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु वेळच्या वेळी कौले बदलण्याचा खर्च हा पाडकाम, भूसंपादन, वकील आणि नवे स्मारक यांच्या खर्चाच्या मानाने किरकोळच असतो. आपण पैसा वाचवीत नाही. तो उशिरा आणि अधिक खर्च करतो.

याद्याही केवळ राजवाड्यांच्या नसाव्यात. विश्रामबाग वाड्याचे मोल कोणाला समजावून द्यावे लागत नाही. तो दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला, आणि १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा तेथेच सुरू झाली. भिडे वाड्याला असे राजवैभव नव्हते. ते एक साधे घर होते आणि त्यात नऊ-दहा मुली शिकावयास आल्या, एवढेच त्याचे वैभव. अशी साधी घरे प्रत्येक गावात आहेत. गावोगावच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून पेठांची पाहणी करवून त्यांची नोंद करावी. नगरपालिकांनी ती दप्तरी दाखल करावी. नाहीतर स्मारके वाढत जातील आणि ज्यांची ती स्मारके, त्या वास्तू मात्र कोठेच दिसणार नाहीत.