सेवेकडून न्यायाकडे

मिशनची शाळा आणि मिशनचा दवाखाना आपल्या चांगल्याच परिचयाचे आहेत. पांढऱ्या झग्यातली सिस्टर म्हटले की शिस्त, स्वच्छता आणि सेवा हेच डोळ्यांपुढे येते. पण तीच सिस्टर मजुरांना किमान वेतनाचा कायदा समजावून सांगू लागली, किंवा आदिवासींबरोबर तहसील कचेरीत जाऊन बसली, की भुवया उंचावतात. 'हे काय धर्माचे काम?' असा प्रश्न मग बाहेरचे विचारतात आणि पुष्कळदा घरचेही.

कॅथलिक चर्चने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) चर्चची दारे जगाच्या सुखदुःखाकडे उघडली. 1971 मध्ये रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने न्यायासाठी झटणे हा धर्मप्रसाराचाच अविभाज्य भाग ठरवला. 1975 मध्ये जेझुइट संघाने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची स्थापना यांची सांगड घातली. तथापि, ठराव करणे सोपे असते, माणसे घडवणे अवघड. प्रार्थना, अध्यापन, रुग्णसेवा यांत वाढलेल्या व्रतस्थांना अन्यायाची मुळे शोधायला शिकवणार कोण?

आपल्याकडे ही सोय थोडी आधीपासून होती. संविधान सभेचे सदस्य असलेले जेझुइट फादर जेरोम डिसोझा यांनी 1951 मध्ये इंडियन सोशल इन्स्टिट्यूट सुरू केली, तीही आपल्या पुण्यात. पुढे ती दिल्लीला गेली आणि बंगळूरलाही केंद्र उभे राहिले. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी घालून दिलेली 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्री अशा प्रशिक्षणाचा पाया मानली जाते. उपाशी माणसाला भाकरी देणे ही दया झाली. तो उपाशी का, हे विचारणे म्हणजे न्यायाची पहिली पायरी.

या पायरीची किंमत मात्र मोठी आहे. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया यांनी भूमिहीनांना संघटित केले. त्यामुळे सावकारीला धक्का बसला आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी भर बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने पुढे राखी बांधली. झारखंडमध्ये कोळसा खाणीविरुद्ध संथाळांबरोबर उभ्या राहिलेल्या सिस्टर वल्सा जॉन 2011 मध्ये मारल्या गेल्या. बंगळूरच्या संस्थेचे संचालकपद भूषवलेले फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले होते. खटला सुरू होण्यापूर्वीच, जामिनाची वाट पाहत, 5 जुलै 2021 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशा कामामागे धर्मांतराचा हेतू असतो, अशी शंका घेतली जाते. तिला आदळआपट करून उत्तर देता येत नाही. कायद्याची भाषा, चोख हिशेब आणि सर्व धर्मांच्या कार्यकर्त्यांची सोबत हेच तिचे उत्तर. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला तेव्हा त्यांच्याबरोबर सर्व समाजांचे लोक होते. पाणी आणि जमीन यांना धर्म नसतो, हे तिथल्या लोकांनी ओळखले होते.

पण खरी कसोटी घरातच आहे. दलित ख्रिस्ती बांधवांना चर्चमध्येही भेदभाव सोसावा लागतो, हे भारतीय बिशपांनी 2016 च्या आपल्या धोरणात मान्य केले. सप्टेंबर 2018 मध्ये कोचीत पाच धर्मभगिनी आपल्या सहकारी भगिनीच्या तक्रारीसाठी उपोषण मंडपात बसल्या. त्या खटल्यात संबंधित बिशपांची जानेवारी 2022 मध्ये निर्दोष सुटका झाली. तो निकाल न्यायालयाचा. मात्र त्या भगिनींना दाद मागायला रस्त्यावर का यावे लागले, हा प्रश्न उरतोच. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या व्यक्तीला 'हे चूक आहे' असे वरिष्ठांना सांगता येते का? शाळेतल्या शिपायाला आणि मठातल्या स्वयंपाकिणीला रास्त पगार मिळतो का?

मानवी हक्कांचे प्रशिक्षण इथपर्यंत पोचले नाही, तर ते भिंतीवरच्या प्रमाणपत्रापुरते उरेल. आणि हा धडा एकट्या चर्चसाठी नाही. दानधर्मात आपला समाज कधीच मागे नव्हता. दान घेणाऱ्याला हक्कही असतात, एवढेच शिकायचे राहिले आहे.