जाळे कापण्याचा हिशेब

घरातील मुलीने समुद्रविज्ञान शिकण्याचा विचार बोलून दाखविला, की पहिला प्रश्न येतो तो मासे चिरावे लागतील का, हा. मत्स्यविज्ञानाच्या पदवीत मासे हाताळणे टळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलेलेच बरे. परंतु याच विद्येची दुसरी बाजू सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसते.

वेरावळ-सूत्रापाड्याचे मच्छीमार एका अजस्र माशाला ‘बॅरल’ म्हणत. गळाच्या दोरास पिंपे बांधून त्याला दमवीत, त्यावरून हे नाव. हा व्हेल शार्क, जगातील सर्वांत मोठा मासा. लांबी 12 मीटरांहूनही अधिक, आणि आहार मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा! त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडीत. पुढे मांसाची निर्यात सुरू झाली आणि शिकार वाढली. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही कत्तल देशापुढे मांडली. 2001 मध्ये कायद्याने या माशाला पूर्ण संरक्षण दिले.

कायदा झाला, तरी भर समुद्रात निर्णय तांडेलाच्याच हाती असतो. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडावयाचा तर जाळे कापावे लागते. जाळे जाते, त्या खेपेची मासळीही जाते. हे ओळखून 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग आणि टाटा केमिकल्स यांनी लोकजागृतीची मोहीम आरंभिली. गावोगावी पथनाट्ये झाली, माशाची हवा भरलेली भव्य प्रतिकृती फिरली. मोरारी बापूंनी या माशास बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि ‘बॅरल’ची ‘वहाली’ झाली. ही उपमा कथाकाराची, शास्त्रज्ञाची नव्हे. पण ती घराघरांत शिरली.

उपमेने मन द्रवते, जाळ्याची किंमत मात्र कोणीतरी चुकती करावी लागते, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. वन विभागाने कापलेल्या जाळ्यांची भरपाई देऊ केली. पुढे मच्छीमारांच्या हाती कॅमेरे आले. सुटकेचे चित्रण हाच पुरावा ठरू लागला, आणि पंचनाम्याच्या प्रतीक्षेत मासा अडकून पडेनासा झाला. शेकडो व्हेल शार्क असे सुटले.

संशोधकांचे कामही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. कल्ल्यांमागील भागाचे छायाचित्र घेतले, की तारकांचे नकाशे जुळविण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी योजिलेल्या गणिताने तोच मासा पुन्हा ओळखता येतो. त्यासाठी त्याला पाण्याबाहेरही काढावे लागत नाही.

रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदवी, मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा गोवा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून संशोधन करीत आहे. बारावीला जीवशास्त्र घ्यावे. पोहणे आधीच शिकून ठेवावे, आणि ज्या किनाऱ्यावर काम करावयाचे तेथील बोलीही. प्रारंभी बोट लागते; बहुतेकांची ती काही दिवसांत थांबते.